नवशाचं डावं शिंग

सास्तूर,
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. शिवांजली, काकाचा आशीर्वाद घरच्या सगळ्यांना वाटून दे आणि थोडा स्वतःला ठेव.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मला नुसती गुणगुण ऐकू येते. तुझी काकू मधे बसली तर तू सांगतेस एक आणि ती माझ्या कानात ओतते तिसरंच. व्हॉट्सॲप आहे ते अक्षदाच्या फोनवर, आणि आमच्या सूनबाईच्या फोनवर म्हणजे सगळ्या आळीच्या फोनवर. तेव्हा तीन दिवस लागले तरी पोस्टच बरं.

विषय असा. पोळा बावीस तारखेला आहे आणि यंदा तोरणाखालून पहिली जोडी नेण्याचा मान नऊ वर्षांनी आपल्या घराकडं आलाय. अट तुला माहीत आहेच. जोडी अव्यंग पाहिजे. आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला गाव जोडी निरखून बघतं आणि खूर, शेपूट, शिंग, कशातही खोट निघाली की मान पुढच्या घराला जातो. पुढचं घर रामलिंगचं. तो आत्तापासूनच आमच्या गोठ्यापुढून दिवसाला तीन फेऱ्या मारतो आणि मला विचारतो, "बैल बरं हाईत नव्हं?" त्याच्या आवाजात काळजी नसते.

माझी जोडी देखणी आहे. हौशा घरचा. नवशा तुमच्या दावणीचा, चैत्रात येरमाळ्याच्या यात्रेत तुझ्या सासऱ्यांकडून घेतलेला. चार गावचे लोक बैल घ्यायला निघाले की पारख करायला मला सोबत नेतात, पण नवशाच्या तोंडात मी हात घातला नाही आणि शिंगाला बोट लावलं नाही. व्याह्याच्या बैलाचे दात मोजायचे म्हणजे व्याह्याच्याच तोंडात हात घातल्यासारखं. तुझ्या सासऱ्यांनी, बंडप्पांनी चहा पाजला, मी कासरा हातात घेतला, व्यवहार झाला.

अडचण एकच. तुमच्याकडच्या कुणा हौशी माणसानं त्याच्या शिंगांना लाल ऑइलपेंटचे इतके थर दिलेत की शिंग दिसतच नाही. खरवडायला गेलो तर ओरखडे उठतील. मला शिंगं उघडी करून, तुपानं चोळून, वर हिंगूळ लावायचाय. परवा अक्षदा नखांचा रंग पुसत होती. एक बोळा फिरवला आणि रंग गेला. मी बाटली वाचली. ॲसिटोन. नख आणि शिंग एकाच जातीचं, हे सांगायला मास्तर नको. तू कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत असतेस. मोठी बाटली कुठं मिळेल ते कळव.

तुझा काका,
शिवलिंग


येरमाळा,
५ ऑगस्ट

ती. काका,
नमस्कार. मानाची बातमी ऐकून मामंजींनी मान हलवली आणि शेतात निघून गेले. ॲसिटोनचं वाचून मला मात्र घाम फुटला.

ते दिसतं पाण्यासारखं, पण त्याला पाणी समजू नका. बाटली उघडी राहिली तर बघता बघता उडून जातं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबची चूल, विडी, उदबत्ती गाठते. मग जाळ तिकडून इकडं येतो, थेट बाटलीपर्यंत. कोंडलेल्या जागेत वास घेतला तर डोकं गरगरतं. हाताचं तेल निघून कातडी भेगाळते. बैलाच्या डोळ्यात थेंब गेला तर काय होईल ते मी लिहीतही नाही.

शिवाय शिंग ठिसूळ होतं.

माझं ऐकाल तर रंगावरच रंग द्या. लालच द्या, लाल शुभ असतो. नवशा कसा आहे? झाडाला शिंगं वगैरे घासत नाही ना?

तुमची,
शिवांजली


सास्तूर,
८ ऑगस्ट

चि. शिवांजली,
तुझं पत्र मी घरातल्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शिकलेल्या पोरीचा असा उपयोग होतो. सगळं तू लिहिलंस तसं केलंय.

ॲसिटोन उमरग्याला फायबरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडून आणलं. तो ब्रश धुवायला तेच वापरतो. चूल गोठ्यापासून लांब, परसात लिंबाखाली नेली. काकू दोन दिवस तिथं भाकरी थापते आहे आणि प्रत्येक भाकरीला तुझं नाव घेते. गोठ्याच्या शंभर पावलांत विडी बंद. रामलिंग फेरीला आला तेव्हा त्याच्या तोंडात विडी होती. मी लांबूनच ओरडलो, तर त्याला वाटलं मी भांडण उकरून काढतोय.

शिंगाला लावण्याआधी प्रयोग केले. थर्माकोलच्या द्रोणात घोटभर ओतलं तर द्रोणाचं बूड गेलं. फाटलं नाही पोरी, गेलं. खाली पांढऱ्या चिकाचा एक गोळा राहिला. मग चष्मा पुसून बघितला. दांडी मऊ पडली आणि माझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर कायमचा उठला. आता कुठं अंगठा मागितला तर चष्माच पुढं करीन. स्टीलच्या वाटीला काही होत नाही, काचेलाही नाही. हाताला गार लागतं आणि कोपऱ्यात बसून वास घेतला तर डोकं खरंच जड होतं, तेव्हा मी वाऱ्याच्या बाजूला बसतो.

एक गोष्ट मात्र तुझी चुकली. शिंग ठिसूळ होत नाही. आपल्या मेलेल्या म्हाताऱ्या बैलाचं शिंग माळ्यावर होतं, ते दिवसभर भिजवून ठेवलं. नव्यासारखं निघालं. पुस्तकात चुकीचं छापलं असेल, तुझ्या सरांच्या कानावर घाल.

बुधवारी सकाळी हात घालतो. आधी डावं शिंग.

काका


येरमाळा,
१२ ऑगस्ट

ती. काका,
ही चिठ्ठी उमरग्याच्या एसटीच्या ड्रायव्हरच्या हातात देते आहे, पोस्टाला वेळ नाही. डाव्या शिंगाला ॲसिटोन लावू नका. उजव्याला लावा, दोनदा लावा, हौशाला त्यानं आंघोळ घाला, पण नवशाच्या डाव्या शिंगाला हात लावू नका. कारण भेटल्यावर सांगते. अक्षदावहिनींना फोन करून निरोप देण्यासारखं ते नाही.

शिवांजली


सास्तूर,
१३ ऑगस्ट

चि. शिवांजली,
तुझी चिठ्ठी आज दुपारी चार वाजता पोचली. शिंग सकाळी नऊला गेलं.

सगळी तयारी नीट होती. नवशाच्या डोळ्यांवर ओलं फडकं बांधलं. बोळा भिजवला, रंग उतरायला लागला, मला वाटलं काय नामी औषध आहे. आणखी भिजवून घासलं. लाल गेलं, खालून पांढरं आलं. मी म्हटलं, वा, शिंग किती गोरं. तोवर ते बोळ्याला चिकटायला लागलं. ओढलं तर तार निघाली. दोन-तीन वेळा फडकं फिरवल्यावर चार बोटं शिंग माझ्या हातात गोळा होऊन आलं. नवशा बिचारा रवंथ करत उभा होता.

तू ठिसूळ म्हणाली होतीस. मी मेलेल्या बैलाच्या शिंगावर प्रयोग केला. जित्याचं शिंग मेल्यासारखं कसं वागेल, एवढी अक्कल मला नको? शिकलेल्या पोरीचं ऐकलं नाही आणि वर तुझ्या पुस्तकाची चूक काढली.

बैलाला ताप आहे असं गावात सांगितलंय आणि त्याच्या डोक्यावर पोतं घातलंय. मान आता रामलिंगचाच, त्याला सांगून टाकावं म्हणतो. नऊ वर्षं वाट बघितली होती. खोटं कशाला लिहू, गोठ्यात बसून रडलो.

पण मानाहून मोठं ओझं दुसरंच आहे. तुझ्या सासऱ्यांनी मुलासारखा जपलेला बैल मी चार महिन्यांत मोडला. बंडप्पांना म्हणावं, मी हात जोडून माफी मागतो. पोळा झाला की येरमाळ्याला येऊन पायही धरीन.

तुझा हट्टी काका

ता.क. तुझ्याच ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. माणूस भला आहे, विडी ओढत नाही.


येरमाळा,
१४ ऑगस्ट

ती. काका,
तुमचं माफीचं पत्र वाचून धरणीनं पोटात घेतलं तर बरं असं झालं. शिंग तुम्ही घालवलं नाही. ते शिंग नव्हतंच. ते मी केलं होतं.

नवशाचं डावं शिंग दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अडकून चार बोटं मोडलं. बैल गुणी, पण यात्रेत गिऱ्हाईक आधी शिंग बघतं. यंदा यात्रेच्या तोंडावर मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, तुमच्या त्या लॅबात शिंगाचं काई हुतंय का बगा." माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं काका. सासऱ्यांनी पहिल्यांदाच मला स्वयंपाक सोडून काही विचारलं होतं. मी म्हटलं, होतं की.

आमच्याकडं काचेची भांडी थर्माकोलच्या खोक्यात येतात. एक रिकामं खोकं फोडलं, स्टीलच्या पातेल्यात ॲसिटोन घेतलं आणि तुकडे टाकत गेले. तुमच्या द्रोणाचं झालं तेच. केवढं मोठं खोकं, त्याचा मूठभर लगदा झाला, पुरणासारखा. तो मळून मोडक्या टोकावर बसवला आणि हातानं घडवला. ॲसिटोन उडून गेलं की लगदा घट्ट होतो. पाच दिवस लागले. मग कानस, मग पुट्टी, मग लाल रंगाचे चार हात. इतकं सुबक झालं की मी फोटो काढून ठेवलाय.

बैल कुणा लांबच्या व्यापाऱ्याकडं जाईल असं आम्ही धरून चाललो होतो. तर सकाळी सकाळी तुम्हीच समोर उभे. मामंजींची बोबडीच वळली. आता काका शिंगाला हात लावतील, म्हणून आम्ही दोघं श्वास रोखून होतो. तुम्ही चहा प्यायलात आणि कासरा घेतलात. तेव्हापासून तुमचं नाव निघालं की मामंजी शेतात जातात.

जे ॲसिटोननं जमलं ते ॲसिटोननंच विरघळणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून पहिल्या पत्रात तुम्हाला घाबरवलं. आगीचं, वाफेचं, डोळ्यांचं सगळं खरं होतं. ठिसूळ शिंगाचं तेवढं खोटं. आणि नेमकं तेवढंच तुम्ही तपासलंत.

काय शिक्षा द्यायची ती द्या.

शिवांजली


सास्तूर,
१६ ऑगस्ट

शिवांजली,
आशीर्वाद लिहायला हात होत नाही. सवयीनं लिहिला असं समज.

पत्र वाचून आधी गोठ्यात गेलो आणि नवशाच्या तोंडात हात घातला. दात खरे आहेत. शेपूट ओढून बघितली, त्यानं लाथ मारली, म्हणजे तीही खरी आहे. मग मोडकं टोक चाचपलं. गुळगुळीत, जुनं, भरून आलेलं. बुधवारीच कळायला पाहिजे होतं. मी रडत बसलो, बघितलं कुठं?

तुझा राग आलाय. पण तुझ्याहून जास्त माझा आलाय. चाळीस वर्षं लोक मला बाजाराला नेतात. चालीवरून बैलाचं वय सांगतो, शेणावरून तब्येत सांगतो. आणि स्वतः घेतलं काय, तर खोकं. व्याह्याच्या चहापुढं माझी सगळी पारख वाहून गेली.

आता मी काय ठरवलंय ते ऐक. गावात सांगणार, औषध लावताना माझ्या हातून बिघडलं. औषधात गाढव ठरलो तर लोक चार दिवस हसतील. बैलात गाढव ठरलो तर जन्मात कुणी मला बाजाराला नेणार नाही. तुझ्या सासऱ्यांनी गप्प राहावं, तूही गप्प राहा.

आणि एक. लिहायला लाज वाटते. ते पुन्हा करता येईल का? खांदेमळणीला पाच दिवस आहेत, आणि पाचच दिवस लागतात असं तूच लिहिलंयस.

काका

हे पत्र वाचून जाळ. बाटलीपासून लांब.


येरमाळा,
१८ ऑगस्ट

ती. काका,
खरं सांगते, मी पातेलं काढलं होतं. खोकंही फोडलं होतं. मग तुमचं आधीचं, माफीचं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. त्यांना ते दाखवायचा मला इतके दिवस धीर झाला नव्हता. 'मुलासारखा जपलेला बैल' यावर ते उठून गेले. जेवले नाहीत. मग म्हणाले, "ज्याला म्या फशिवलं त्योच माजी माफी मागतोय. म्या सास्तूरला जातो."

मी पुन्हा शिंग करणार नाही. मानाचं तुम्हाला किती आहे ते मला कळतं, आणि नाही म्हणताना वाईट वाटतंय. पण चार महिने पोस्टमन दिसला की मी मागच्या दारानं परसात पळते. आता पुन्हा तसं जगणं नको.

मामंजी खांदेमळणीला पोचतील. मी अडवून बघितलं. ऐकत नाहीत.

शिवांजली


सास्तूर,
९ सप्टेंबर

चि. सौ. शिवांजली,
आशीर्वाद. या वेळी मनापासून. पत्राला उशीर झाला, कारण आधी राग जायचा होता आणि मग हसू थांबायचं होतं.

खांदेमळणीच्या संध्याकाळी मारुतीच्या पारापुढं गाव जमलं. मी नवशाच्या डोक्यावरचं पोतं काढलं आणि ठरवल्याप्रमाणं सांगितलं, "माझ्या हातनं बिगडलं. औषध जास्ती झालं." तेवढ्यात गर्दीतून तुझे सासरे पुढं आले, डोक्याला पटका, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचे ओठ बघूनच मला कळलं की हा माणूस खरं बोलायला लागलाय. मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि आवाज चढवला, "व्हय व्हय, माझ्याच हातनं." ते त्याहून मोठ्यानं बोलायला लागले. मी त्याहून मोठ्यानं. दोन व्याही आपापला गुन्हा कबूल करायला भांडतायत असं गावानं कधी बघितलं नसेल. बहिरेपणाचा जन्मात पहिल्यांदा उपयोग होत होता, तर तुझी काकू आली आणि माझ्या कानाशी ओरडली, "त्ये म्हणत्यात, मोडकाच बैल इकला. गप ऱ्हावा आता." एरवी ही बाई निरोप धड सांगत नाही. तो सांगितला, अक्षर न् अक्षर.

रामलिंगनं टोक चाचपलं. "दोन वर्सं झाली ह्ये मोडून," तो म्हणाला. "मोडलं कुणी का असंना, मान आमचा." रीतीप्रमाणं बरोबरच होतं.

पोळ्याला त्याची जोडी पुढं गेली आणि माझी मागून. वाईट वाटलं, लपवत नाही. तुझे सासरे माझ्याबरोबर चालले, नवशाच्या मोडक्या बाजूनं, सगळ्या गावाला दिसतील असे. नवशाला परत नेतो म्हणाले. मी दिला नाही. बैल कामाचा आहे, आणि हौशाला त्याच्याशिवाय वैरण गोड लागत नाही.

मान गेला त्याचं दुःख चार दिवसांचं. खरा मार पुढं होता. "काका, बैल घेतला का मखर?" असं बसथांब्यावर बसलेला कुणीही विचारायचा. आणि बाजाराचा सोमवार आला तरी मला बोलवायला कुणी आलं नाही. रामलिंगला बैल घ्यायचा होता, तो एकटाच निघाला. मी घरात बसून राहिलो असतो तर बसूनच राहिलो असतो. उरलेलं ॲसिटोन काचेच्या लहान बाटलीत ओतलं, बूच घट्ट लावलं, पिशवीत फडकी घेतली आणि न बोलावता त्याच्या मागून गेलो.

बाजारात पोचलो तेव्हा रामलिंगचा हात व्यापाऱ्याच्या हातात होता, वर रुमाल, खाली बोटांनी भाव चाललेला. बैल उंचापुरा, शिंगं काळी कुळकुळीत. मी मधे घुसलो. व्यापाऱ्याच्या तोंडातली विडी काढून पार पलीकडं नेऊन मातीत पुरली. "तू कोण?" असं काहीतरी तो म्हणाला असावा, मला ऐकू आलं नाही. रामलिंगला बैलाच्या डोळ्यांवर ओलं फडकं धरायला लावलं, बोळा भिजवला आणि शिंगाच्या बुडाशी धरून ठेवला. काळा रंग उतरला. खाली बोटभर लांब चीर, झटपट चिकटणाऱ्या गोंदानं सांधलेली. बोळा दोनदा बदलून आणखी धरला, तर गोंदही मऊ पडला आणि चीर उघडी झाली. व्यापाऱ्यानं कासरा सोडवून घेतला. मी बाटली हातात घेऊन वळलो, तर शेजारच्या दोघांनी आपापल्या बैलांच्या शिंगांवर टॉवेल टाकले.

 रामलिंगनं मला चहा पाजला आणि म्हणाला, "फुडल्या बाजाराला बी या. बाटली घिऊन." मखराचं कुणी विचारत नाही आता. काल लोहाऱ्याहून दोघं आणि माकणीहून एक असे तिघं निरोप देऊन गेलेत. पुन्हा ॲसिटोन आणायला गेलो तर उमरग्याचा फायबरवाला विचारतो, काका, टाक्यांचा कारखाना काढला का?

दिवाळीनंतर दुसरा बैल दाखवतो, नवशापेक्षा सरस, असं तुझ्या सासऱ्यांनी कळवलंय. त्यांना म्हणावं, जरूर दाखवा, मी येतो, पण चहा नंतर घेऊ. माझा आता नियम ठरलाय. आधी शिंग पुसायचं, मग नातं विचारायचं.

तुझा,
शिवलिंगकाका